पटावर नसलेली पोरं

खाऱ्या नैवेद्याच्या दिवशी संध्याकाळी आमच्या गावच्या शाळेचे गुरुजी यात्रेतल्या पाळण्यापाशी उभे होते. हातात भेळेचा कागद, पण घास काही तोंडात जात नव्हता. पाळणा थांबला की दहा-बारा पोरं धडाधड उतरायची, तेवढीच दुसरी चढायची. गुरुजी त्यांच्याकडं असे टक लावून बघत होते की मला वाटलं, ह्यांचंच पोर गर्दीत चुकलंय. विचारलं तर ओशाळं हसले. म्हणाले, "काही नाही वहिनी, मोजत होतो. पहिली ते चौथीच्या वयाची साठ-सत्तर तरी असतील बघा इथं. माझ्या पटावर चौदा आहेत. ह्यातली चार जरी आपल्याला गावली असती तरी..." आणि पुढचं न बोलता त्यांनी भेळेचा घास घेतला. शाळेच्या भिंतीवर 'गुढीपाडवा, पट वाढवा' हा फलक पाडव्यापासून लटकत होता. त्याचा एक कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडत होता.

ती पोरं कुठली, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. देवळामागच्या रानात गाड्या लावलेल्या होत्या, त्यांच्या नंबरपाट्या वाचल्या की उलगडा व्हायचा. टीएन, केएल, एएस. एमएच १०, म्हणजे आपली सांगलीची, शोधून काढावी लागत होती. पाळण्यावरून उतरलेल्या दोन सख्ख्या चुलतभावांचं जिलेबीवरून भांडण लागलं, ते तमिळमधून. त्यांची आजी मधे पडली ती खास खानापुरी मराठीतून, आणि गंमत म्हणजे तिचं दोघांनाही बरोबर कळलं.

यात्रा संपली, आम्ही सांगलीला परत आलो, तरी ते "मोजत होतो" काही डोक्यातून जाईना.

विटा-आटपाडी पट्ट्यातल्या माणसाला गलाईचं, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करायच्या धंद्याचं, वेगळं सांगायला नको. मी मात्र खटावची. आमच्याकडची माणसं मुंबईला माथाडीत जायची, नाहीतर पलटणीत. लग्नानंतर पहिल्यांदा कोईमतूरला चुलत दिरांकडं गेले तेव्हा मला सगळंच नवं होतं. सराफी पेठेच्या मागं एक बोळ, अंधारा जिना, वर लांबट खोली. खोलीच्या एका टोकाला भट्टी, मुशीत जुनं सोनं आणि त्यावर टाकणखार. दुसऱ्या टोकाला पडदा लावून संसार. तेजाब ओतलं की तांबूस धूर उठायचा आणि घशात असा बसायचा की पाणी प्यायलं तरी त्याची आंबट चव जात नसे. भाऊजींच्या बोटांची कातडी पिवळी पडलेली. सोनारांच्या दुकानातली झाडलोट हे लोक विकत घ्यायचे, जाळायचे, चाळायचे, धूत बसायचे, आणि त्या राखेतून गव्हाच्या दाण्याएवढं काहीतरी निघायचं. "ह्या दाण्यावर गावाकडचा बंगला उभा हाय वहिनी," असं भाऊजी म्हणाले होते. तो बंगला मी रोज बघत होते. पुढं मार्बलचे खांब, वर गच्चीला सिमेंटचा गरुड, आणि फाटकाला वर्षाचे अकरा महिने कुलूप. आमच्या आळीत अशी कुलपं बरीच आहेत. किल्ल्या आमच्या आत्यांकडं, म्हणजे सासूबाईंकडं. त्यांच्या कमरेचा जुडगा बघून परक्या माणसाला वाटेल, बाई मोठी जमीनदारीण आहे. कुणाच्या घरात पाऊस गळतोय, कुणाच्या टाकीत उंदीर मेलाय, ते आत्या बघतात.

तर मोजण्याचं. इंग्रजांच्या अमदानीत जनगणना एका रात्रीत व्हायची. १८८१ पासून १९३१ पर्यंत हीच रीत होती. ठरलेल्या रात्री जो जिथं सापडेल, तो तिथलाच धरायचा. प्रगणक कंदील घेऊन दारोदार जायचे. रात्र निवडताना चांदणं आहे का हे बघितलं जायचं, आणि मोठ्या जत्रा, पर्वणी, लग्नतिथी मुद्दाम टाळल्या जायच्या, नाहीतर माणसं भलत्याच गावात मोजली जाणार. हे वाचलं तेव्हा मला आमची यात्रा आठवून हसू आलं. यात्रेच्या रात्री मोजलं तर आमचं गाव पाच हजारांच्या घरात जाईल. आषाढात कधी मोजा, हजार-बाराशेवर काटा हलणार नाही. पुढं १९४१ पासून नेहमीचं राहायचं ठिकाण धरायला लागले, म्हणजे कोईमतूरची पोरं कोईमतूरला. हिशोबाला ते सोयीचं आहे, चूकही नाही. पण यात्रा कमिटीची पट्टीची, म्हणजे वर्गणीची, वही वेगळीच जनगणना सांगते. तिच्यात घरटी नावं आहेत, आणि गुवाहाटीला तीन पिढ्या झालेलं कुटुंबही त्यात 'आपल्या आळीतलं' म्हणून लागलेलं आहे. पट्टी यूपीआयवर येते. कुणाची आली नाही तर त्याला फोन जातो, आणि तो फोन जनगणनेच्या प्रगणकापेक्षा जास्त चिकाटीचा असतो.

लेक बारावीला आहे. तिच्या भूगोलाच्या पुस्तकात सुरुवातीलाच लोकसंख्येचे धडे आहेत. माणसं पृथ्वीवर सारखी पसरलेली नाहीत, दहातली जवळजवळ नऊ विषुववृत्ताच्या उत्तरेला राहतात. मंगोलियात चौरस किलोमीटरला दोन माणसं, बांगलादेशात हजाराच्या वर. इजिप्तचा सगळा देश नाईलच्या काठाला दाटीवाटीनं बसलेला आणि बाकी नुसती वाळू. हे पाठ करायचा तिला कंटाळा आला होता. म्हटलं, आपल्याच जिल्ह्याचा नकाशा पुढं घे. कृष्णा-वारणेच्या काठानं वाळवा, पलूस, मिरज असं बोट फिरव. गावाला गाव लागून, एकाची वेस कुठं संपली आणि दुसऱ्याची कुठं सुरू झाली हे उसातून कळतही नाही. आणि पूर्वेला जत बघ, जिल्ह्यातला सगळ्यात मोठा तालुका. तिथं एसटीत दोन वस्त्यांच्या मधे एक डुलकी काढून होते. २०११ ला सांगली जिल्ह्याची घनता चौरस किलोमीटरला ३२९ निघाली. तो आकडा वाळव्याचाही नाही आणि जतचाही नाही, कुठल्याच गावाला तो आपला वाटणार नाही. लेक म्हणाली, "पेपरात असं लिहिलं तर मार्क कापतील." कापतीलही.

त्याच धड्यात एक उंच चढत जाणारी रेघ होती. जग १०० कोटींचं झालं ते १८०४ च्या सुमाराला. दुसरे १०० कोटी भरायला सव्वाशेच्या आसपास वर्षं लागली. आणि ७०० कोटींवरून ८०० कोटींवर जायला अवघी अकरा. संयुक्त राष्ट्रांनी १५ नोव्हेंबर २०२२ हा ८०० कोटींचा दिवस धरला. माणसं अचानक जास्त पोरं काढायला लागली म्हणून ही रेघ चढली, असं आपल्याकडं लोक बोलतात. तसं नव्हतं. पोरं आधीही तेवढीच व्हायची, फक्त मरायची. आमच्या आजेसासूबाईंना आठ झाली आणि चार राहिली. त्यांच्या सासूच्या काळात तर मानमोडी आली होती, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. घरातला माणूस स्मशानातून परत येईपर्यंत दुसरा गेलेला असायचा, असं आत्या ऐकीव सांगतात. १९११ ते १९२१ ह्या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली होती. त्यानंतर आजवर कुठल्याच जनगणनेत तसं झालेलं नाही. आत्यांची चारही पोरं जगली. देवी टोचणारा माणूस वस्तीवर यायला लागला, बाळंतपणाला नर्सबाई यायला लागली, आणि दुष्काळातसुद्धा कुठूनतरी धान्य पोचायला लागलं. शाळेला दुसरी खोली बांधली ती त्यांच्या पोरांच्या वेळी. गाव भरलं ते त्या एका पिढीत.

मला एकच लेक.

माझ्या जावेला दोन, पुतण्याच्या लग्नाला चार वर्षं झाली आणि त्यांचं अजून "बघू" चाललंय. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागं सरासरी १.७ मुलं आली. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला २.१ लागतात. दक्षिण कोरियात हा आकडा २०२३ ला ०.७२ पर्यंत उतरला. तिथले गुरुजी काय मोजत असतील कोण जाणे. आमच्या गुरुजींच्या अर्धवट वाक्यात मला जे खुपत होतं ते इथं सापडलं. त्यांची पोरं सगळी गलाईनं नेली असं नाही. काही कोईमतूरला आहेत, आणि काही मुळात झालेलीच नाहीत. पहिल्यांची निदान वाट बघता येते, यात्रेत पाळण्यावर तरी दिसतात.

एकदा आत्यांना सोबत घेऊन लेकीनं गावाचा लोकसंख्या मनोरा काढला. त्यात वयवार बायका-पुरुषांच्या रेघा मारतात, खाली पोरं आणि वर म्हातारी. पुस्तकातला मनोरा खाली रुंद आणि वर निमुळता. आत्या ओट्यावर बसून घरामागून घर सांगत होत्या आणि लेक वहीत रेघा मारत होती. "रामोशीआळीत दोघं म्हातारी. त्याच्या शेजारी एकटी म्हातारी. त्याच्या पुढं कुलूप." सत्तरीच्या बायकांची रेघ वहीच्या बाहेर जायला लागली. पंचवीस ते चाळीसच्या पुरुषांच्या जागी मोठी खाच. खाली पोरांच्या जागी बोटभर रेघ. पुरं झालं तेव्हा ते चित्र भोवऱ्यासारखं दिसत होतं, खाली आर आणि वर फुगवटा. लेकीला फार आवडलं. आत्यांनी बघितलं, "ह्यात मी कुठं?" विचारलं, आणि फुगवट्यातली आपली जागा दाखवल्यावर "बरी हाय की" म्हणून शेंगा निवडायला घेतल्या.

आत्या १९७१ ला लग्न होऊन ह्या गावात आल्या आणि पुढच्या वर्षी दुष्काळ. नव्या नवरीच्या अंगावरची हळद उतरली ती दुष्काळी कामावर खडी फोडताना, असं त्या सांगतात. खायला तांबडी मिलो ज्वारी, सुकडी, रोजच्या हजेरीला उन्हात बसायचं. त्यांच्या सांगण्यात तक्रार कमी आणि एक प्रकारची मजाच जास्त असते, ते मला कधी नीट समजलेलं नाही. एवढ्या बायका एका जागी आधी कधी जमल्या नव्हत्या म्हणे. त्याच साली धाकट्या चुलत सासऱ्यांनी एका पाव्हण्याच्या मागं रेल्वे धरली. आधी भट्टीपाशी पोऱ्या, मग कारागीर, मग स्वतःची भट्टी. एक गेला की भाऊ गेला, मग मेव्हणा, मग गावातला मित्र. जगभर माणसं अशीच हलतात, ओळखीच्या माणसाच्या मागोमाग. एकाच आळीतली सगळी घरं एकाच परक्या शहराच्या एकाच बोळात सापडतात ती त्यामुळंच. आमच्या शेजारच्या गावाची सगळी माणसं कोलकात्याला. आमच्यातली तिकडं एकही नाही. दोन गावांमधे ओढा आहे फक्त.

१८८५ साली लंडनमधे रॅव्हनस्टाईन नावाच्या माणसानं स्थलांतराचे काही नियम मांडले होते. बहुतेक माणसं लांब जात नाहीत, जवळच सरकतात. जाणाऱ्यांचा एक ओघ असला की उलटा येणाराही एक ओघ असतोच. आणि जवळच्या जवळ हलणाऱ्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त. हा तिसरा नियम वाचून मी थांबले. आपण 'गाव सोडलेली माणसं' म्हणतो तेव्हा डोळ्यापुढं पत्र्याची ट्रंक घेतलेला पुरुष येतो. पण २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून जास्त स्थलांतरित निघाले, आणि त्यात दोन तृतीयांशाहून जास्त बायका. कारणांच्या रकान्यात सगळ्यात मोठा आकडा लग्नाचा. आत्या तीन कोसांवरून आल्या, मी खटावहून. भाऊजी कोईमतूरला गेले तेव्हा आख्खी आळी एसटी स्टँडवर गेली होती आणि त्यांच्या परत येण्याचे दिवस मोजले जात होते. आमच्या जाण्याला वाजंत्री लावतात आणि परत आलो तर लोक काळजीत पडतात. आत्या त्यांच्या माहेरच्या यात्रेला अजून पट्टी देतात, पण नाव त्यांच्या भावाचं लागतं. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं. म्हणाल्या, "मग काय माझं लावून देवळावर रंग चढणार हाय का?" मला पटलं नाही, अजूनही नाही.

आणि आता बायका यायच्याच थांबल्यात. २००१ ला सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं मुली होत्या ८५१, शेजारच्या कोल्हापुरात ८३९. राज्याची सरासरी ९१३ होती. उसाचा, द्राक्षांचा, सोनोग्राफी परवडणारा हा पट्टा. ते मुलगे आता पंचविशी ओलांडून गेलेत. पाच एकर द्राक्षबाग असलेल्या पोराचा फोटो घेऊन त्याची आई माझ्याकडं येते, "तुमच्या खटावकडं बघा की एखादी," म्हणते. खटावकडच्या आयाही तसाच फोटो घेऊन फिरताहेत, हे तिला कसं सांगणार. सोयरीक जमवणारे एजंट आता कर्नाटकात, विदर्भात पोरी शोधत फिरतात. ज्या पोरी आहेत त्यांना पुण्यातला नोकरीवाला हवा, आणि का नको? त्यांच्या आयांनी पाण्याच्या खेपा घालताना काय काय बोललंय ते त्यांनी लहानपणी ऐकलेलंय.

पण गाव नुसतं आटतंय असं लिहून मोकळं होणं सोपं आहे, आणि ते खोटं ठरेल. टेंभूचं पाणी आलं. कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं चढवत इकडं आणलंय. माझ्या लग्नात कुसळं होती त्या माळावर आज ऊस उभा आहे. ऊस आला की कोयता आला. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात, ओढ्याकाठी पालं पडतात, पहाटे तीनला ट्रॅक्टरच्या उजेडात फड सुरू होतो. ज्या गावानं पन्नास वर्षं माणसं बाहेर पाठवली, तिथं आता माणसं पोटासाठी येतात, आणि तीही दुष्काळातूनच. रॅव्हनस्टाईनच्या उलट्या ओघापेक्षा हे वेगळं आहे, कारण आमची माणसं काही परतली नाहीत. त्यांच्या जागेवर दुसरी आली. गुरुजींचा पट तेव्हा वाढतो. ते स्वतः मोटरसायकलवर पालांवर जातात, गाव सोडताना शाळेनं दिलेलं शिक्षण हमीचं कार्ड कुणाकडं आहे का विचारतात, पोरं घेऊन येतात. त्या पाच महिन्यांत खिचडीचं पातेलं मोठं लागतं. टोळ्या गेल्या की परत चौदा. गावातल्या काही जणांना आपल्या पोरांशेजारी ती पोरं बसलेली आवडत नाहीत. कोईमतूरच्या शाळेत आपली पोरं पहिल्या वर्षी कुठं बसत होती, हे मात्र कुणी आठवत नाही.

जनगणना २०२१ ला व्हायची होती, कोविडमुळं राहिली. आता १ मार्च २०२७ ही तिची तारीख ठरली आहे. मागच्या खेपेला सांगली जिल्हा दशकात नऊ टक्क्यांच्या आसपास वाढला होता, सातारा सातच्या, आणि राज्य सोळा. रत्नागिरी-सिंधुदुर्ग तर उतरले होते. ह्यावेळी आमचं काय निघेल ह्याची मला खरंच उत्सुकता आहे. मार्चच्या पहिल्या तारखेला टोळ्या अजून इथंच असतात, त्यामुळं त्यांना कुठलं धरतात तेही बघायचंय. कोईमतूरच्या भाऊजींना फोनवर विचारलं, मातृभाषा काय लिहिणार? "मराठीच की. पोरांची पोरंच लिहितील बघा, काय लिहायची ती." मागं टीव्हीवर तमिळ मालिका चालू होती.

यात्रेनंतर चावडीवर पट्टीचा हिशोब झाला, तो ऐकायला ह्या वर्षी मी मुद्दाम गेले. देणगीदारांची नावं वाचली जात होती. कोईमतूर, त्रिशूर, गुवाहाटी. मधेच खजिनदार अडखळले. वहीत पाचशे एक रुपये होते आणि पुढं गावाचा रकाना कोरा. देणारा माणूस मागंच उभा होता. टोळीबरोबर आलेला, मग माळावरच्या एका बागायतदाराकडं बायको-पोरांसकट सालगडी म्हणून राहिलेला. गुरुजींच्या चौदातली दोन पोरं त्याचीच. त्याच्याकडं पट्टी मागायला कुणी गेलं नव्हतं, तो आपणहून देऊन गेला होता. घ्यावी का नाही ह्यावर जरा कुजबुज झाली. एक म्हातारबाबा म्हणाले, घेतलीय तर लिहा, देवाला काय पत्ता लागतोय. "गाव कुठलं लिहू?" खजिनदारांनी विचारलं. त्यानं आमच्या गावाचं नाव सांगितलं. खजिनदार हसले, "आता गावचाच झालास, मग घरपट्टीबी लावू का?"

"लावा की," तो म्हणाला, "पण आधी घर तर द्या."